लोणच्याचा दगड आणि ओट्याची फर्शी

आमच्या घरासमोरच्या बागेचं काम निघालं आणि लोकांच्या तक्रारी ऐकायला मला बसवलं. मी सातवीपर्यंत शिकलेला. फॅक्टरीत फिटर होतो, सगळी नोकरी तिथंच गेली. तक्रारी लिहून घेणं माझं काम नाही. पण कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष, जे आधी मास्तर होते, ते माझ्या फाटकाशी येऊन म्हणाले, "भाऊ, तुम्ही तर रिकामेच असता." हे खरं होतं. बायको मेली त्याला सव्वा वर्ष झालं होतं. मुलगा पुण्यात. सकाळी नऊपर्यंत माझी सगळी कामं उरकायची आणि मग झोपेपर्यंत काही नसायचं.

लोक "गेली" म्हणतात. गेली म्हटलं की कुठं गेली असं विचारावंसं वाटते, म्हणून मी मेली म्हणतो. मुलाला हे आवडत नाही.

बागेच्या फाटकाशी टेबल मांडलं, प्लास्टिकची खुर्ची आणि एक रजिस्टर. काम नगर निगमचं, म्हणजे महापालिकेचं होतं आणि त्यावर एक इंजिनियर मुलगी होती. डोक्यावर पिवळी टोपी, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, त्यामुळे बरेच दिवस मला तिचे फक्त डोळे माहीत होते. ती म्हणाली, "अंकल, जिसको जो दिक्कत है, लिखवा लीजिए. मैं हर शनिवार आकर देखूँगी." मी म्हटलं, अच्छा. इथं कॉलनीत अर्धे लोक हिंदीच बोलतात.

लोक येऊ लागले. एक बाई म्हणाली, व्यायामाच्या मशीन तिच्या भिंतीकडे नको, पुरुष हातपाय हलवता हलवता तिच्या स्वयंपाकघरात पाहतील. तिच्या शेजारची म्हणाली, मशीन तिच्याच खिडकीसमोर पाहिजे, कारण तिचा नवरा व्यायामाला म्हणून जाते आणि बाकावर बसून घरी येते. ज्यांची नातवंडं लहान त्यांना झोपाळे पाहिजे होते. ज्यांची मोठी झाली त्यांना झोपाळ्यांचा कर्रकर्र आवाज नको होता. सकाळी फुलं तोडायला येणाऱ्या बाया सगळ्या मिळून आल्या. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पन्नी आणि एकीच्या हातात आकडा बांधलेली काठी. त्यांना जास्वंद पाहिजे होती, तगर पाहिजे होती, पण काटे नको आणि झाडं उंच नको, हात पुरत नाहीत.

मी विचारलं, "फुलं बागेसाठी पाहिजे की तुमच्या घरच्या देवासाठी?"

काठीवाली म्हणाली, "भैया, बाग काय पूजा करते का फुलांची?"

मी लिहिलं, फुलं तोडायला सोपी पाहिजे.

तक्रार घ्यायची माझी एक रीत होती. जे सगळ्यांच्या कामाचं ते लिहायचं. जे एकट्याच्या कामाचं ते तोंडावर नाही म्हणून सांगायचं. एकानं स्वतःची कार बागेच्या भिंतीच्या आत ठेवायला जागा मागितली, त्याला मी गाडीसकट घरी पाठवलं. अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, जरा गोड बोलत जा." मी म्हटलं, गोड बोलणारा पाहिजे असेल तर दुसरा बसवा. दुसरा कोणी रिकामा नव्हता.

याच रीतीनं मी कोपऱ्यावरच्या घरातल्या रेल्वेवाल्याला परत पाठवलं. पन्नाशीचा असेल. शांत माणूस. त्याचा बाप वारून वर्ष होत होतं. त्याला बागेत एक बेंच पाहिजे होता, बापाच्या नावाचा, स्वतःच्या खर्चानं. हात जोडून बोलून राहिला होता. मी म्हटलं, "ये बगीचा है, श्मशान नहीं. सब अपने मरे हुए यहाँ ले आएँगे तो ज़िंदा लोग कहाँ बैठेंगे?"

तो "जी" म्हणाला आणि गेला. मागं उभे होते ते हसले. मला वाटलं, बरोबर बोललो.

आता फर्शीचं सांगतो. मुलाला नोकरी लागल्यावर त्यानं स्वयंपाकघर नवं केलं. ओट्यावर चकचकीत ग्रॅनाइट आलं. जुनी काळी फर्शी मिस्त्रीनं अख्खी काढली. वीस-बावीस वर्षं आमच्या घरच्या पोळ्या त्याच फर्शीवर लाटल्या गेल्या होत्या. ही, माझी बायको, ती फेकू देईना. त्याच सुमारास हिचे गुडघे गेले आणि संध्याकाळी बागेत बायांसोबत खाली गवतावर बसता येईना. मग मी आणि शेजारच्या भाऊंनी ती फर्शी बागेत नेली, कदंबाखाली विटांवर बसवली. मी पाणसळ लावून बसवली, तेल सांडलं तरी कुठं वाहणार नाही अशी. तेव्हापासून संध्याकाळी चार-पाच बाया तिथं बसायच्या. हिवाळ्यात मटार सोलायच्या, एरवी मेथी निवडायच्या, आणि बारा महिने लोकांच्या सुनांबद्दल बोलायच्या. पुरुष तिथं बसत नव्हते. मीही कधी बसलो नाही.

ही मेल्यावरही बाया बसत राहिल्या. हिची जागा कोणी रिकामी सोडली नाही, तिथं दुसरी सरकली. मला ते बरंच वाटायचं. मी खिडकीतून पाहायचो. पाच बाया आहेत की चार, एवढंच पाहायचो.

एका शनिवारी इंजिनियर मुलीनं टेबलावर नकाशा पसरला. कदंबाखाली एक माणूस पाय झाडतो आहे असं चित्र होतं. पायाची मशीन. तिथल्या फर्शीकडे बोट करून ती ठेकेदाराच्या माणसाला म्हणाली, "ये पत्थर हटेगा."

मी विचारलं, "कहाँ जाएगा?"

"मलबे में, अंकल."

बोलायचं होतं ते तेव्हाच बोलायचं होतं. माझ्या बायकोची फर्शी आहे, राहू द्या, एवढंच. पण टेबलासमोर सात-आठ लोक उभे होते आणि त्यात तिसरा तो रेल्वेवाला होता. नाल्याच्या वासाची तक्रार घेऊन आला होता. माझ्याकडे पाहत होता, तेही साधंच. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "नाली का लिखवाना है ना? बोलो."

मशीन पुढच्या आठवड्यात बसणार होती. म्हणजे माझ्याकडे आठवडा होता. रविवारी मी काही केलं नाही. सोमवारी सकाळी फिरायला येणारे उठायच्या आत मी स्वयंपाकघरातून एक दगड काढला. नर्मदेतला, गोल, नारळाएवढा. ही आंब्याचं लोणचं घालायची तेव्हा बरणीत फोडी दाबायला ठेवायची. आता लोणचं कोणी घालत नाही, दगड रिकामाच होता. देवघरात मारुतीच्या शेंदराची पुडी होती. तेलात शेंदूर कालवला, दगडाला चांगला दोनदा लेप दिला, नेऊन फर्शीच्या मधोमध ठेवला. दोन जास्वंदीची फुलं बागेतलीच तोडून वर ठेवली. घरी आलो, हात धुतले, चहा केला.

मी देव केला नाही. मी दगडाला शेंदूर लावला. पुढचं लोकांनी केलं.

आठ वाजेपर्यंत उदबत्ती लागली. मंगळवारी नारळ फुटला. इंजिनियर मुलगी आली, टोपी काढून पाया पडली, मग तिनं मला विचारलं, "अंकल, ये कब से है? मेरे ध्यान में नहीं आया."

मी म्हटलं, "बहुत पुराना है." दगड जुनाच होता.

तिनं नकाशावरच्या पाय झाडणाऱ्या माणसाभोवती गोल केला आणि त्याला बाण काढून त्या आळशी नवऱ्याच्या खिडकीसमोर नेऊन ठेवलं. एका रेघेत माझं काम झालं आणि त्या बाईचंही. मला वाटलं, सुटलो.

पंधरा दिवसांत लाल झेंडा आला. लोकांमध्ये दोन पक्ष पडले. काही म्हणाले बजरंगबली आहे, काही म्हणाले नाही, ही खेरमाई आहे, शहराच्या वेशीवर देवी असते तशी. मला विचारायला आले, कारण माझं घर सगळ्यात जवळ. मी म्हटलं, मला माहीत नाही. हे ऐकून दोन्ही पक्षांना वाटलं मी त्यांच्याकडचा आहे.

आणि फर्शीवर बसणं बंद झालं. देवाशेजारी ढुंगण टेकवून मेथी कोण निवडेल? बाया चप्पल काढून उभ्या राहायच्या, हात जोडायच्या आणि पलीकडच्या नव्या स्टीलच्या बेंचवर जायच्या. तो बेंच दिवसभर उन्हात. संध्याकाळी सहालाही तापलेला असायचा. त्या पदर दुमडून खाली घ्यायच्या आणि पाच मिनिटांत उठायच्या. मग येणंच कमी झालं. मी खिडकीतून पाहायचो. चार, मग दोन, मग एक दिवस कोणीच नाही. दगड तेवढा होता, लाल.

शेजारच्या वहिनी, हिच्या मैत्रीण, ज्यांच्या नवऱ्यानं फर्शी उचलायला हात लावला होता, त्या एक दिवस टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, माझी तक्रार लिहा. बसायला जागा नाही."

"बेंच आहे ना."

"त्या बेंचवर पापड भाजून होतील." मग आवाज उतरवून, "तो देव मले ओळखीचा वाटून राहिला."

मी रजिस्टरात पाहत होतो.

"जवळ गेलं की मोहरीचा वास येते," त्या म्हणाल्या. "उदबत्ती लावली तरी येते. मी म्हटलं, हा कोणता देव आहे बाई, ज्याले लोणचं आवडते."

"कोणाला सांगितलं?"

"कोणाले सांगू? तुमच्या भाऊंले सांगितलं, ते म्हणाले गप बस, बिचाऱ्याचं डोकं फिरलं असंल."

"फिरलं नाही."

"मग काहून केलं?"

मी म्हटलं, "फर्शी फेकून राहिले होते."

त्यांनी वळून कदंबाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अहो, मग तसं म्हणायचं ना. साऱ्या कॉलनीले बोलता, तेव्हा जीभ जड नाही होत तुमची. तुमच्या घरच्या वहिनी असत्या तर हसून हसून खाट मोडली असती त्यांनी." आणि घरी गेल्या. त्यांची तक्रार मी लिहिली. सगळ्यांच्या कामाची होती.

इथवर मी गप्प राहू शकलो असतो. माणूस सवयीनं कशासोबतही राहतो. पण रेल्वेवाला त्या देवाचा सगळ्यात मोठा भक्त निघाला. रोज सकाळी ड्युटीवर जायच्या आधी तांब्यानं पाणी घालायचा, सुकलेली फुलं उचलायचा, झाडू मारायचा. एका शुक्रवारी तो टेबलापाशी आला, पुन्हा हात जोडून. "अंकल, अध्यक्षजी ने हाँ बोल दिया है. रविवार को मिस्त्री आएगा. पूरे चबूतरे पर सफ़ेद टाइल लगवा रहा हूँ, ऊपर छोटी सी छत. सामने पिताजी का नाम." मी रजिस्टर मिटलं तेव्हा तोच म्हणाला, "मंदिर में तो लगता है ना, अंकल. सब जगह लगता है."

त्यात काही टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

म्हणजे रविवारनंतर हिची फर्शी पांढऱ्या टाइलच्या आत गाडली जाणार आणि वर त्याच्या बापाचं नाव. आणि हे करून घेणारा मीच.

शनिवारी इंजिनियर मुलगी आली, अध्यक्ष आले, फुलंवाल्या बाया होत्या, रेल्वेवाला टाइलचा नमुना घेऊन आला होता. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "वो भगवान नहीं है. मेरे घर का अचार दबाने का पत्थर है. सिंदूर मैंने लगाया. नीचे जो फर्शी है वो मेरी घरवाली के चूल्हे के ओटे की है. वो फेंकी जा रही थी, इसलिए मैंने झूठ किया."

अध्यक्ष मराठीत म्हणाले, "भाऊ, तुम्ही मजाक करून राहिले."

"मी कधी केला मजाक?"

ते त्यांना पटलं. वहिनी मागून म्हणाल्या, "खरं आहे. त्या दगडाखालचं लोणचं मी दहा वर्षं खाल्लं."

मग काठीवाली फुलंवाली बाई पुढं आली. तिचा चेहरा उतरला होता. "पण भैया, मी तर याले नवस बोलली होती. नातवाच्या नोकरीचा."

मी विचारलं, "लागली?"

"लागली."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी दगडाकडे पाहिलं. कोणीतरी देवळातल्या गुरुजींना फोन लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. गुरुजी जेवून राहिले होते. ते म्हणाले, प्राणप्रतिष्ठा झाली नाही म्हणजे मंदिर नाही, पण पूजा झाली म्हणजे आता लोणच्यातही घालता येणार नाही. नर्मदेतून आला आहे, नर्मदेत सोडा. नोकरी लागली ती लागली, ती परत जात नाही. बाईनं मान हलवली.

रेल्वेवाला टाइल हातात घेऊन उभा होता. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पिताजी के लिए तो आपने कहा था, श्मशान नहीं है."

"कहा था," मी म्हटलं. "ग़लत कहा था. कहते वक़्त अच्छा लगा था, इसलिए कह दिया."

इंजिनियर मुलीनं ओढणी तोंडावरून खाली घेतली. ती माझ्या मुलापेक्षाही बरीच लहान असेल. ती म्हणाली, मशीन तर हलली, आता त्या जागी नकाशात एक बेंच बसतो. एकच. फर्शी विटांवर तशीच ठेवता येणार नाही, कोणाच्या पायावर पडली तर तिला जबाब द्यावा लागेल. पण बेंच कोणाचाही असला तरी तिला चालेल, नाव मात्र वर लिहायचं नाही, एकाचं लिहिलं की उद्या सगळे येतील. हे माझंच वाक्य होतं, फक्त तिनं नीट सांगितलं.

सगळे माझ्याकडे पाहून राहिले. मी म्हटलं, "बेंच इनका. इन्होंने पहले माँगा था."

"और आपका पत्थर?" तिनं विचारलं.

"घर ले जाऊँगा."

रविवारी सकाळी दगड तिलवाऱ्याला, नर्मदेच्या घाटावर न्यायचा होता. रेल्वेवाला स्कूटर घेऊन फाटकाशी आला. मी बोलावलं नव्हतं. दगड पिशवीत घालून मांडीवर घेतला आणि मागं बसलो. गढ्याची वस्ती मागं टाकून आम्ही पूल गाठला. घाटावर मी विचारलं, "पिताजी बगीचे में कहाँ बैठते थे?"

"बैठते नहीं थे," तो म्हणाला. "चक्कर लगाते थे. बैठने को बोलो तो चिढ़ जाते थे."

"फिर बेंच काहे को?"

त्यानं विचार केला. "चलने वाले के नाम का आदमी क्या लगवाए, अंकल?"

मी पाण्यात दोन पायऱ्या उतरलो आणि दगड सोडला. डुबूक झालं. दीडेक वर्षापूर्वी हिच्या अस्थी घेऊन याच घाटावर आलो होतो, तेव्हा काही आवाज झाला नव्हता. हातावर शेंदूर राहिला, तो पाण्यानं निघत नव्हता. रेल्वेवाल्यानं डिकीतून गाडी पुसायचं फडकं दिलं.

परत आल्यावर फर्शी उचलली. चार माणसं लागली. मी, शेजारचे भाऊ, ठेकेदाराचा एक माणूस आणि चौथ्या कोपऱ्याला रेल्वेवाला. माझ्या फाटकाबाहेर, भिंतीला लागून, विटांवर ठेवली. पाणसळ लावायला मी तासभर घेतला. भाऊ म्हणाले, "इथं काय विमान उतरवायचं आहे का?"

बेंच आठवड्यानं आला. माझ्याकडे अक्षरांचे पोलादी ठसे आहेत, रिटायर झाल्यावर मीच बाजारातून घेतलेले, उपयोग काही झाला नव्हता. बेंच उलटा पडलेला होता तेव्हाच बसायच्या पत्र्याच्या खालच्या बाजूला मी रेल्वेवाल्याच्या बापाचं नाव ठोकून दिलं. वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. इंजिनियर मुलगी त्या वेळी मुद्दाम झोपाळ्यांकडे पाहत होती. कदंबाची सावली असल्यामुळे तो बेंच तापत नाही.

बाया माझ्या फाटकापाशी फर्शीवर बसायला आल्या. वहिनींनीच आणल्या. पहिल्या दिवशी पाच होत्या. मी आत चहा केला, साखर जास्त झाली, त्यांनी प्यायला. दुसऱ्या दिवशी चार आल्या. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर सुनांबद्दल बोलायची त्यांना पंचाईत होऊन राहिली होती, त्या टोमॅटोच्या भावाबद्दल बोलल्या. चौथ्या दिवशी त्या कदंबाखालच्या बेंचवर गेल्या. वहिनी मला सांगायला आल्या. "भाऊजी, राग मानू नका. इथून नुसतं तुमचं घर दिसते. तिथून साऱ्यांचं दिसते."

मी म्हटलं, राग कशाला. जा.

त्या दिवशी संध्याकाळी मी फर्शीवर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मे महिना होता, भिंतीतून वाफ निघत होती आणि फर्शी थंड होती. ही म्हणायची, फर्शी उन्हाळ्यात थंड राहते. मी हो म्हणायचो आणि पेपर वाचायचो. कदंबाखाली मी पाहिलं, पाच होत्या. वहिनींनी हात केला. मीही केला.